लिव्हर-ॲक्शन रायफलला रेल, रेड डॉट, सप्रेसर शोभतात का? आणि शोभण्यापेक्षा, लागतात का?

रानवाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफल हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. त्याआधी बंदुकांच्या दुकानांत एक चित्र हमखास दिसतं. काउंटरवर दोन लिव्हर-ॲक्शन (मुठीखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या रायफली) शेजारी ठेवलेल्या. एकीला अक्रोडाचा दस्ता, निळसर काळं पोलाद, नळीखाली मॅगझिनची ट्यूब. दुसरीला काळा ॲल्युमिनियमचा एम-लॉक फोरएंड (नळीखालची पकड, दिवा वगैरे अडकवायच्या खाचांची), रिसीव्हरवर (मधल्या यंत्राच्या पेटीवर) लांब रेल (दुर्बीण बसवायची पट्टी), नळीच्या तोंडाला आटे, दस्त्यावर काडतुसांची पट्टी. आतलं यंत्र मात्र तेच.

रुगरनं २०२० मध्ये रेमिंग्टनच्या दिवाळखोरीतून मार्लिन घेतली, मग 'डार्क' मालिका परत आणली. हेन्रीची 'एक्स' आहेच, आणि २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसननंही मॉडेल १८५४ बाजारात आणली. म्हणजे ही चार दिवसांची हौस नाही.

माझं मत आधीच सांगतो. पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) चालेल, स्टेनलेस चालेल, बाकी काही नको. पोटाशी सपाट असलेली ही तीन-सव्वातीन किलोची रायफल रिसीव्हरपाशी एका मुठीत धरून दिवसभर रान तुडवता येतं. बोल्ट-ॲक्शनला (बोल्ट हातानं मागे-पुढे करून भरायच्या रायफलीला) दुर्बीण आणि खाली मॅगझिन असल्यानं तशी मूठ बसत नाही. वर रेल आणि दुर्बीण चढवली की लिव्हरचाही हा गुण जातो. मग बोल्टच का घेऊ नये?

मुद्देसूद लिहा. "दिसायला वाईट" एवढंच असेल तर तेही लिहा, पण मग कारण द्या.

ठाणेकर

शीर्षकात 'रायफल' शब्द ठेवलात ते बरं केलंत. नुसतं 'लिव्हर' वाचून डॉक्टर मंडळी धावत आली असती. वाचतोय.

जुनं_लोखंड

रानवाटा, 'परंपरा' म्हणताना नेमकी कुठली तारीख धरायची ते ठरवावं लागेल. विंचेस्टर ९४ आज आपल्याला आजोबांची रायफल वाटते. जॉन ब्राउनिंगनं ती आखली तेव्हा ती बाजारातली सगळ्यात आधुनिक वस्तू होती. १८९४ मध्ये ती काळ्या दारूच्या .३२-४० आणि .३८-५५ या काडतुसांत निघाली आणि पुढच्याच वर्षी निकेल-स्टीलची नळी घेऊन .३०-३० मध्ये आली. त्यातला दुसरा ३० म्हणजे तीस ग्रेन (सुमारे दोन ग्रॅम) धूरविरहित दारू. त्या काळच्या जुन्या शिकाऱ्यांना बारीक गोळी आणि बिनधुराची दारू हा पोरखेळ वाटला असणार.

विल्यम लायमनच्या टँग साइटचं (दस्त्याच्या मानेवरच्या पीपचं) पेटंट १८७९ चं. म्हणजे डोळ्याजवळचं भोक हे 'आधुनिक' नाहीच. सॅव्हेज ९९ बघा, मूळ रचना १८९९ ची: बाहेर घोडा नाही, फिरतं मॅगझिन, आत किती काडतुसं उरली ते दाखवणारा आकडा बाजूच्या खिडकीत. टोकदार गोळ्या बिनदिक्कत चालतात. आज कुणी अशी रायफल नव्यानं काढली तर आपणच म्हणू, "ही कसली लिव्हर-ॲक्शन."

तेव्हा वयावरून भांडू नये. कुठली सोय कुठल्या अडचणीला उत्तर देते, एवढंच बघावं.

गावठी_इंजिनियर

जुनं_लोखंड काकांच्या शेवटच्या वाक्याला धरून पुढे लिहितो. लिव्हर-ॲक्शनच्या काही अडचणी तिच्या रचनेतूनच येतात. त्या सोडवणारी गोष्ट नवी असो की जुनी, ती तिथलीच. जी गोष्ट दुसऱ्याच रायफलची अडचण सोडवते, ती पाहुणी.

पहिली अडचण, रिकामं काडतूस बाहेर कुठून पडतं. विंचेस्टर ९४ मध्ये ते सरळ वर उडतं. दुर्बीण वर बसवली तर पितळ तिच्यावर आपटून परत आत पडतं. म्हणून जुन्या ९४ ला दुर्बीण डाव्या बाजूला सरकवून लावायचे, मग गाल दस्त्याला लागत नाही आणि नेम दर वेळी वेगळा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीनं रिसीव्हरची उजवी भिंत कापून पितळ तिरकं बाहेर काढलं, तेव्हा कुठे प्रश्न सुटला. मार्लिननं १८८९ च्या मॉडेलपासूनच वरचा भाग बंद आणि पितळ बाजूनं, असं ठेवलं. त्यामुळे मार्लिन ३३६ वर रेल बसवणं हे तिच्या रचनेला धरूनच आहे. जुन्या ९४ वर नाही. 'लिव्हर-ॲक्शन' असं सरसकट बोलून चालणार नाही.

दुसरी अडचण, ट्यूब. काडतुसं एकामागे एक, प्रत्येकाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडाच्या पेट घेणाऱ्या टोपीला) टेकलेलं. टोकदार कडक गोळी असेल तर धक्क्यानं पुढचं काडतूस ट्यूबमध्येच उडू शकतं. म्हणून चपट्या टोकाच्या गोळ्या, आणि चपटं टोक म्हणजे हवेचा अडथळा जास्त. हॉर्नडीच्या लिव्हरेव्होल्यूशन काडतुसांत गोळीचं टोक मऊ, दाबलं की दबणारं असतं. नाव भडक आहे, पण लिव्हर-ॲक्शनला मिळालेली सगळ्यात उपयोगी आधुनिक गोष्ट हीच. बाहेरून काही दिसतही नाही.

तिसरी अडचण, रिकामी करणं. त्यावर इथे वाद होणार हे माहीत आहे, म्हणून दुसऱ्यांना लिहू देतो.

चित्रा_के

एक शंका. घोडा म्हणजे नक्की काय? बोलताना 'घोडा दाबला' म्हणतात, म्हणजे ट्रिगर ना?

जुनं_लोखंड

चित्राताई, बोलण्यात दोन्ही मिसळलंय. या धाग्यापुरतं ठरवू: घोडा म्हणजे मागे ओढायचा हॅमर, चाप म्हणजे बोटानं दाबायचा ट्रिगर. लिव्हर-ॲक्शनमध्ये हा फरक जिवाचा आहे, कारण घोडा बाहेर असतो आणि अंगठ्यानं हाताळावा लागतो.

मंदार_मिशिगन

तर मग सेफ्टीवर बोलूया. मार्लिनच्या रिसीव्हरवर ते आडवं बटण ऐंशीच्या दशकात आलं आणि तेव्हापासून लोक त्याला शिव्या घालतायत. माझ्या मते ती आधुनिक गोष्ट अजिबात नको. घोड्याला हाफ-कॉक खाच (त्याला अर्ध्या वाटेवर अडवणारी) आहे. गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत), घोडा हाफ-कॉकवर, नेम धरताना अंगठ्यानं मागे. शंभर वर्षं चाललं. बटणामुळे काय होतं? हातमोज्यानं किंवा पट्ट्याच्या घासण्यानं ते नकळत आत जातं, हरीण समोर उभं, चाप दाबला की नुसतं 'टक'. घोडा पडतो पण फायरिंग पिनपर्यंत (प्रायमरवर आपटणाऱ्या खिळीपर्यंत) पोचत नाही.

स्नेहल_ह्यूस्टन

मंदार, रिकामी करण्याचं काय? साइड गेटच्या (बाजूच्या झडपेतून भरायच्या) मार्लिनमध्ये ट्यूबमधली काडतुसं काढायची तर प्रत्येक काडतूस चेंबरमध्ये नेऊन परत बाहेर काढावं लागतं. सहा काडतुसं म्हणजे भरलेल्या चेंबरवर सहा वेळा लिव्हर बंद होणार आणि दर वेळी घोडा पूर्ण चढलेला. थंडीनं बधिर बोटं, संधिप्रकाश, गाडीच्या शेजारी उभं राहून. तेव्हा ते बटण आत दाबलेलं असेल तर चुकून चाप लागला तरी घोडा अडतो. बटण चालताना वापरायचं नाहीच. ते रिकामी करतानाचं.

हेन्रीनं हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवलाय. बटण नाही, ट्रान्स्फर बार आहे: चाप दाबलेला नसेल तर घोड्याचा मार फायरिंग पिनला पोचतच नाही. आणि आतली पितळी ट्यूब पुढून फिरवून ओढली की काडतुसं हातात ओतता येतात, चेंबरमधून फक्त एक काढायचं. साइड गेट असलेल्या नव्या हेन्रीत दोन्ही सोयी आहेत.

मंदार_मिशिगन

रिकामी करण्याचा मुद्दा मान्य. पण मग लोकांना तसंच शिकवा. बटण बाहेर ठेवून चाला, रिकामी करताना आत. आणि चेंबर भरलेलं असताना घोडा उतरवायचा कसा, हेही शिकवा. बटणावर विसंबणाऱ्यांना तेच येत नाही.

गावठी_इंजिनियर

तेही लिहून ठेवू, धागा शोधत येणाऱ्यांना उपयोगी पडेल. नळी मऊ जमिनीकडे. डावा हात फोरएंडवर पक्का. उजव्या अंगठ्याचं पेर घोड्याच्या कानावर पूर्ण बसवून घोडा किंचित मागे ओढा, मगच चाप दाबा. घोडा हळू पुढे सोडा, चढलेल्या खाचेतून सुटला की लगेच चाप सोडा, आणि अंगठ्यानंच घोडा हाफ-कॉकच्या खाचेत 'खट्' बसेपर्यंत न्या. चाप दाबून ठेवला तर हाफ-कॉक पकडणारच नाही, घोडा थेट पिनवर जाईल. अपघात होतात ते इथे.

आता याचा मूळ प्रश्नाशी संबंध. दुर्बीण खाली बसवली की अंगठा घोड्यापर्यंत सरळ पोचत नाही. म्हणून घोड्याला बाजूला निघणारा खुंटा लावतात. तो एका बारीक स्क्रूवर उभा असतो, स्क्रू सैल झाला की अंगठ्याखाली खुंटा फिरतो आणि घोडा निसटतो. दुर्बीण लावणाऱ्यानं हा स्क्रू निळ्या लॉकटाइटनं बसवावा आणि प्रत्येक हंगामाआधी तपासावा. एक सोय घेतली की तिच्यामागून दुसरी येते, ती अशी.

रानवाटा

हेच माझं म्हणणं. दुर्बीण, मग खुंटा, मग गालासाठी दस्त्यावर उंचवटा. जुन्या दस्त्याचा वरचा काठ उघड्या साइटसाठी खाली उतरलेला असतो. दुर्बिणीसाठी गाल अर्धा-पाऊण इंच वर लागतो, तो हवेत तरंगतो. साखळी संपतच नाही.

स्नेहल_ह्यूस्टन

पण डोळ्यांचं वय झालं की काय करायचं? मागची खाच, पुढचा मणी आणि हरीण, तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एकाच वेळी स्पष्ट दिसणं पन्नाशीनंतर कठीण. जखमी करून सोडण्यापेक्षा दुर्बीण लाख पटीनं चांगली.

जुनं_लोखंड

स्नेहलताई, इथेच पीप साइटचं मोल कळतं. भोकातून बघताना डोळा आपोआप मधोमध येतो, भोकाकडे बघावंच लागत नाही. तीनाच्या दोन गोष्टी झाल्या. संध्याकाळी उजेड कमी झाला की आतली चकती फिरवून काढायची, मोठं कडं उरतं. पेनसिल्व्हेनियात सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी असते, त्या अर्ध्या तासात लहान भोक आंधळं होतं आणि मोठं कडं चालतं.

बसवताना लोक एका ठिकाणी फसतात. रिसीव्हरवरची पीप मूळ खाचेपेक्षा उंच बसते, त्यामुळे गोळ्या वर जातात. पीप अगदी खाली केली तरी वरच. मग पुढची साइट उंच घ्यावी लागते. किती, याचा हिशोब सोपा आहे: चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले निशाणापर्यंतचं अंतर, सगळं इंचांत. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच. गोळ्या ६ इंच वर, दोन साइटमधलं अंतर २४ इंच. सहा गुणिले चोवीस म्हणजे १४४, भागिले ३६०० म्हणजे ०.०४ इंच. पुढची साइट तेवढी उंच घ्या. गोळ्या वर तर पुढची उंच, गोळ्या खाली तर पुढची बुटकी. मागच्या साइटच्या उलट. कानस हातात घेण्याआधी हे तीनदा म्हणा, घासलेलं पोलाद परत येत नाही.

ठाणेकर

हा हिशोब वहीत उतरवून घेतला. शाळेत त्रैराशिक शिकवताना असं उदाहरण दिलं असतं तर वर्ग जागा राहिला असता.

टेक्सास_तात्या

रेड डॉटवर (काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटवर) कुणीच बोललं नाही. अरे बाबांनो, लिव्हर-ॲक्शनला सगळ्यात फिट बसणारी आधुनिक वस्तू तीच. लहान डॉट शंभर ग्रॅमच्या आत. डोळा किती अंतरावर आहे याला महत्त्व नाही, त्यामुळे रिसीव्हरच्या पुढच्या टोकाला लावता येते, घोडा मोकळा राहतो, खुंटा लागत नाही. रानवाटांची साखळी इथेच तुटते. २ एमओएचा (हे कोनाचं माप) ठिपका १०० यार्डांवर दोन इंच झाकतो, हरणाच्या खांद्यामागच्या जागेला तेवढा पुरे. रानडुकरं झुडपातून पळत निघतात, तिथे खाच-मणी शोधायला वेळ कुणाला आहे?

सावधगिरी दोन. एक, दृष्टिवैषम्य असेल तर ठिपक्याचा तारा किंवा स्वल्पविराम दिसतो. विकत घेण्याआधी डोळ्याला लावून बघा, आणि वाकडा दिसला तर पीपच घ्या. दोन, बॅटरी हंगामाच्या सुरुवातीला बदलायची, जुनी चालू असली तरी.

गावठी_इंजिनियर

तात्यांना पूर्ण अनुमोदन. रेल बसवण्याबद्दल थोडं, कारण रेल सैल झाली की दोष ऑप्टिकला देतात. मार्लिन ३३६ च्या वरच्या भोकांना ८-४० आट्यांचे स्क्रू लागतात. भोकांतलं कारखान्याचं तेल स्पिरिटनं पूर्ण काढा, नाहीतर लॉकटाइट धरत नाही. स्क्रू आधी नुसते हातानं बसवून बघा. सगळ्यात पुढचा स्क्रू लांब असेल तर थेट नळीच्या आट्यांना टेकतो, तो घट्ट वाटतो पण रेल दाबतच नाही. मागचा लांब असेल तर बोल्टला घासतो, लिव्हर जड चालते. म्हणून प्रत्येक स्क्रू बसवल्यावर बोल्ट मागे-पुढे करून बघा. मग मधून बाहेर, आळीपाळीनं, १५ ते २० इंच-पाउंड. टॉर्कचा पाना नसेल तर आधी तो घ्या, डॉट नंतर.

चित्रा_के

आणि सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायचा 'सायलेन्सर'? चित्रपटातला 'फुस्' आवाज खरा असतो का?

मंदार_मिशिगन

नाही. .३०-३० चा बार कानापाशी १५५-१६० डेसिबलच्या घरात, सप्रेसर साधारण २० ते ३५ नं कमी करतो. १४० च्या वर एका बारानंही कानाला कायमची इजा होऊ शकते, त्या रेषेखाली आणणं एवढाच हेतू. शिवाय गोळी सेकंदाला ११२५ फुटांच्या वर असेल तर तिचा स्वतःचा तडाखा वाजतोच, तो सप्रेसर थांबवत नाही. .३५७ च्या रायफलीत सावकाश .३८ स्पेशल घातली तर मात्र खरंच शांत, पण ती हरणासाठी नाही.

लिव्हर-ॲक्शनचा इथे एक फायदा आहे. बोल्ट हातानं उघडेपर्यंत बंदच, त्यामुळे सेमी-ऑटोसारखा गॅस तोंडावर येत नाही.

जुनं_लोखंड

सप्रेसर नव्या, आटे पाडलेल्या रायफलीला लावा, माझी ना नाही. पण जुन्या ९४ ची नळी कापून आटे पाडू नका. तोंडाशी ती बारीक असते, ट्यूब जवळजवळ तोंडापर्यंत येते, पुढची साइट आणि पट्टा तिथेच. आटे पाडायला मांस उरत नाही. आटे नळीच्या मध्याशी जराही तिरके गेले तर गोळी सप्रेसरच्या आतल्या पडद्यांना घासते. नव्या रायफलीलाही पहिल्यांदा लावताना सरळ सळई नळीतून घालून ती सप्रेसरच्या तोंडातून मधोमध निघते का, ते बघावं. आटेही सगळ्यांचे सारखे नसतात: रुगरच्या मार्लिन १८९५ ला ११/१६ गुणिले २४, ३३६ डार्कला ५/८ गुणिले २४.

रानवाटा

तोलाचं काय? वजन नळीच्या टोकाला.

गावठी_इंजिनियर

मोजूया. रायफल ३.२ किलो, नळी साडेअठरा इंच, म्हणजे ४७ सेंटिमीटर. तोलाचा बिंदू रिसीव्हरच्या पुढच्या काठाशी. सप्रेसर ४०० ग्रॅम, त्याचा मध्य नळीच्या तोंडापुढे ८ सेंमी, म्हणजे तोलबिंदूपासून ५५. ४०० गुणिले ५५ भागिले ३६०० (दोन्हींचं मिळून वजन, ग्रॅममध्ये) म्हणजे सुमारे ६ सेंमी. तोल सहा सेंटिमीटर पुढे सरकला. मूठ रिसीव्हरवरून फोरएंडवर गेली. रानवाटांनी पहिल्या पोस्टमध्ये सांगितलेला गुण दुर्बिणीपेक्षा सप्रेसरनं जास्त बिघडतो. दुर्बीण तोल पुढे नेत नाही, ती फक्त मुठीची जागा अडवते. मचाणावर बसणाऱ्याला याचं काही नाही. चालणाऱ्याला आहे.

अण्णा_एडिसन

न्यू जर्सीवाल्यांनी इथेच थांबावं. आपल्या राज्यात सप्रेसर बाळगताच येत नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्समध्येही नाही. आणि न्यू जर्सीत हरणाला सेंटरफायर (बुडाच्या मध्याशी प्रायमर असलेल्या काडतुसाची) रायफलच चालत नाही: शॉटगन, मझलोडर (तोंडाकडून भरायची बंदूक) किंवा धनुष्य. पलीकडे पेनसिल्व्हेनियात रायफल चालते, पण हरणाला सेमी-ऑटो नाही. तिथल्या दाट झाडीत लिव्हर-ॲक्शन टिकून आहे त्याला हा नियमही कारण आहे.

मंदार_मिशिगन

अण्णा, नियमांवरूनच नव्या काडतुसांचा विषय निघतो. ओहायोत आणि आमच्याकडे दक्षिण मिशिगनमध्ये २०१४ पासून सरळ भिंतीची काडतुसं हरणाला चालतात. .३०-३० चं काडतूस तोंडाशी आवळलेलं, म्हणून ते नाही. ओहायोत .४५-७० चालतं, आमच्याकडे मात्र त्याचं पितळ नियमापेक्षा लांब पडतं. म्हणून १८७३ चं काडतूस परत दुकानभर झालं, आणि रेमिंग्टननं २०२३ मध्ये .३०-३० चंच पितळ सरळ करून .३६० बकहॅमर काढलं. नियमानं जुन्या यंत्राला नवं काडतूस दिलं.

जुनं_लोखंड

.४५-७० आलं म्हणून एक धोक्याची गोष्ट, कृपया कुणी वगळू नका. या काडतुसाची प्रमाणित दाबमर्यादा २८,००० पीएसआय आहे, कारण ते जुन्या ट्रॅपडोर रायफलींतही बसतं. आजच्या मार्लिनसाठी याहून कितीतरी जास्त दाबाची काडतुसं मिळतात, त्यांच्या डब्यावर तसं लिहिलेलं असतं. काडतूस मात्र तेच दिसतं, तसंच बसतं. ते ट्रॅपडोरमध्ये घातलं तर बंदूक फुटेल. घरीच भरणाऱ्यांनी रीलोडिंगच्या पुस्तकात .४५-७० चे तीन वेगळे तक्ते असतात, त्यातला आपला कुठला ते आधी बघावं. आणि मऊ टोकाची ३२५ ग्रेनची गोळी भरताना पितळ २.१०५ ऐवजी २.०४० इंच कापावं लागतं, नाहीतर काडतूस लांब होऊन लिव्हरमध्ये अडकतं.

हिमांशू_बे

वेगळा प्रश्न. एच-१बी वर असलेल्याला रायफल घेता येते का? ऑफिसात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

अण्णा_एडिसन

केंद्राच्या कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे, पण अपवाद आहेत. कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असणं हा त्यातला नेहमीचा. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. बारकावा असा की परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला आणि रायफल घरातच आहे. टेक्सासमध्ये २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीनं रानडुकरं मारायला परवाना लागत नाही, म्हणून काही जण तो काढत नाहीत. व्हिसावाल्यानं तरीही काढावा, कारण त्याला तो डुकरासाठी नाही, रायफलीसाठी लागतो. राज्याचे नियम वेगळे, वकिलाला विचारून घ्या.

सप्रेसरची गंमतही सांगतो: २०० डॉलरचा केंद्रीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. अर्ज, बोटांचे ठसे आणि मंजुरीची वाट पाहणं मात्र तसंच.

पुणेरी_वाचक

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली ते योग्यच झालं. प्राणी मारण्याच्या हत्यारांबद्दल इतक्या प्रेमानं बोललं जातं हे बघून त्रास होतो.

रानवाटा

तुमचा त्रास समजतो, आणि तो मांडलात ते चांगलं केलंत. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी आहे एवढंच म्हणतो. अमेरिकेत रायफली आणि काडतुसांवर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं ११ टक्के अबकारी कर आहे, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांना जातो. लांडगे आणि कूगर गेलेल्या पूर्वेकडच्या रानांत हरणांची संख्या शिकारीनंच आटोक्यात ठेवतात. ज्याला मारायचं आहे त्यानं एका गोळीत, वेदना न देता मारावं, यासाठीच ही साइट-दुर्बिणीची चर्चा आहे.

पुणेरी_वाचक

शेवटचं वाक्य पटलं. वाचतो.

स्नेहल_ह्यूस्टन

एम-लॉक फोरएंडवर बोला ना. डुकरांसाठी रात्री दिवा लावायला तो लागतो. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर रात्री डुकरं मारता येतात, तिथे लाकडी फोरएंडला दिवा चिकटपट्टीनं बांधण्यापेक्षा ते बरं.

जुनं_लोखंड

डुकरासाठी हवा तर लावा. हरणासाठी रात्रीच्या दिव्याला कुठेच काम नाही. आणि थंडीत ॲल्युमिनियम हाताची ऊब शोषून घेतं, अक्रोड नाही. शून्याखाली दहा अंशांत चार तास बसल्यावर हा फरक कळतो.

लाकूड-पोलादाचीही एक उणीव कबूल करतो. फोरएंडच्या खाली, नळी आणि ट्यूबच्या मधल्या फटीत पाणी साचतं. बाहेरून चकाकणारी रायफल आतून गंजलेली निघते. वर्षातून एकदा फोरएंड उतरवून तिथे तेलाचा हात फिरवावा. पावसातच शिकार असेल तर स्टेनलेस आणि लॅमिनेट (थर चिकटवलेलं लाकूड) हे मला सगळ्यात पटलेलं आधुनिकपण. दस्त्यावरच्या चामड्याच्या काडतूस-पट्टीचंही तेच: चामड्यातल्या टॅनिननं पितळ हिरवं पडतं आणि ते चेंबरला चिकटतं. नायलॉन किंवा कायडेक्सला (कडक प्लास्टिकला) तो रोग नाही. काडतुसं मात्र सहाच ठेवा, .३०-३० चं एक साधारण २२ ग्रॅम.

टेक्सास_तात्या

लिव्हरचा मोठा कडा राहिला. जाड हातमोजा घालणाऱ्याला थोडा मोठा चालतो. सिनेमातल्यासारखा भलामोठा झुडपात अडकतो आणि बोटं आत सैल पडतात, मग लिव्हर पूर्ण खाली जात नाही. अर्धवट मारलेली लिव्हर हे अडकण्याचं पहिलं कारण. शेवटपर्यंत खाली, शेवटपर्यंत वर, जोरात.

गावठी_इंजिनियर

आणि पूर्ण मारूनही मार्लिन १८९४ अडकत असेल तर कॅरियर (ट्यूबमधलं काडतूस वर उचलणारा भाग) बघा. लिव्हरच्या नाकाची धारदार कड त्याचा खालचा भाग खात जाते, मग दुसरं काडतूस ट्यूबमधून अर्धं सरकून कॅरियरखाली येतं आणि लिव्हर जाम होते. कड वेळीच बारीक दगडानं गोल केली तर झीज थांबते. हे दुकानातच तपासता येतं: लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर, मग बोल्ट बाहेर. ईजेक्टर (पितळ बाहेर फेकणारा भाग) सुटा पडतो, त्याच्याखाली हात धरा. साफसफाईही मागूनच होते, नळीचं तोंड सळईनं झिजत नाही.

रानवाटा

एवढ्या चर्चेनंतर माझं पहिलं मत तसंच ठेवता येत नाही. स्टेनलेस आणि पीप होतीच मनात. मऊ टोकाची गोळी इंजिनियरांमुळे आली. रिकामी करतानाची सेफ्टी स्नेहलताईंमुळे आली, पुढे लावलेली लहान रेड डॉट तात्यांमुळे. चालत शिकार करणाऱ्याला सप्रेसर आणि मोठी दुर्बीण नको, यावर मी ठाम आहे, आणि आता त्याला सहा सेंटिमीटरचा आधार आहे. झीरोबद्दल (नेम आणि गोळी एका अंतरावर जुळवण्याबद्दल) एक: साधी १५० ग्रेनची .३०-३० १०० यार्डांवर बसवली की २०० ला सुमारे ८ इंच खाली येते. १६० ग्रेनची मऊ टोकाची १०० ला ३ इंच वर ठेवली की २०० ला जवळजवळ मध्यावर. गोळी बदलली की झीरो परत.

हिमांशू_बे

सासरच्या घरी १९५० च्या दशकातली विंचेस्टर ९४ आहे, तिला पीप लावायची आहे. गनस्मिथ म्हणतो भोकं पाडावी लागतील.

जुनं_लोखंड

थांबा, भोकं पाडू नका. १९६४ च्या आधीची आहे, संग्राहक तिची जास्त किंमत देतात आणि एका नव्या भोकानं ती किंमत पडते. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात, डोकं सपाट असलेले दोन बारीक स्क्रू दिसतात का ते बघा. ते भोकं बुजवायला बसवलेले असतात. दिसले तर कारखान्यानंच सोय केलेली आहे, साइट तिथेच बसेल आणि काढल्यावर स्क्रू परत लावता येतील. स्क्रू हलत नसतील तर आदल्या रात्री भेदक तेलाचा एक थेंब टाकून ठेवा, आणि पेचकस खाचेत पूर्ण बसणारा, बाजू समांतर घासलेला वापरा. पाचरीसारखा घरगुती पेचकस खाच फाडतो. भोकं नसतील तर मूळच्या मागच्या साइटच्या खाचेत बसणारी लहान पीप मिळते. ती डोळ्यापासून लांब पडते, म्हणून तिचं भोक मोठं घ्या.

हिमांशू_बे

दोन स्क्रू आहेत. रंगाखाली झाकले गेले होते. आज रात्री तेल टाकतो.